फणसातला ओरिशा

एका ताईंचा प्रश्न आहे. आफ्रिकेतून गुलाम करून ब्राझीलला नेलेल्या लोकांचा कांदोंब्ले हा धर्म मूळ रूपात टिकला आहे, की कॅथलिक संतांच्या नावाखाली झालेली ती सरमिसळ आहे? त्या जानेवारीत ब्राझीलमधल्या बाईया प्रांतातल्या साल्वादोर शहरात जाणार आहेत. तिथल्या पूजेला बाहेरच्या माणसानं जावं का, आणि हे करणी-भानामतीतलं काही नाही ना, असंही त्यांनी विचारलं आहे.

मी तबल्याचा माणूस. २००४ पासून साल्वादोरला जातोय. सगळे मुक्काम मिळून चार वर्षं तिथे काढली, ती अताबाके, म्हणजे तिथले पूजेचे ढोल, शिकण्यासाठी. मी दीक्षा घेतलेली नाही. त्यामुळे आतल्या खोलीत काय चालतं ते मला ठाऊक नाही, आणि जे कानावर पडलं पण बाहेर बोलू नकोस म्हणून बजावलं गेलं, ते इथे लिहिणार नाही. अंगणात, स्वयंपाकघरात आणि ढोलांपाशी बसून जे पाहिलं त्याच्या जोरावर उत्तर देतो.

माझं उत्तर असं, की कांदोंब्ले ब्राझीलमध्येच घडला. तो घडवणाऱ्यांच्या पाशी पोथी नव्हती, देऊळ नव्हतं, नातेवाईकही उरले नव्हते. हातात आणि तोंडात बसलेलं जे काही होतं, तेवढ्यावर त्यांनी घर उभं केलं आणि त्यातला प्रत्येक धागा कमालीच्या काटेकोरपणे जपला. ‘मूळ आहे की मिसळलेलं’ असं विचारलं की हे बांधकामच नजरेतून निसटतं.

आधी थोडा इतिहास. अटलांटिक ओलांडून सुमारे ४८ लाख माणसं गुलाम म्हणून ब्राझीलला आली. अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नेली गेली नाहीत. १८५० मध्ये हा व्यापार बंद झाला, गुलामगिरी मात्र १३ मे १८८८ रोजी संपली. ही माणसं एका जातकुळीची नव्हती. अंगोला-काँगोकडची बांटू भाषा बोलणारी होती, दाहोमीकडची, म्हणजे आजच्या बेनिनमधली होती (त्यांना ब्राझीलमध्ये जेजे म्हणत), आणि आजच्या नायजेरिया-बेनिनकडची योरुबा होती (त्यांना नागो म्हणत). योरुबा लोक मोठ्या संख्येनं आले ते शेवटी शेवटी. ओयोचं योरुबा साम्राज्य मोडकळीला आलं, यादवी माजली आणि युद्धकैदी किनाऱ्यावर विकले गेले. १८३०-४० च्या साल्वादोरमध्ये रस्त्यावर फळं विकणारी किंवा पालखी वाहणारी अनेक माणसं अशी होती, की ज्यांनी तरुणपणी आपल्या गावचं देवस्थान डोळ्यांनी पाहिलं होतं. बाईया प्रांतात योरुबा वळण इतकं ठसठशीत का राहिलं, याचं मोठं कारण हे. आजही प्रत्येक घर आपलं ‘राष्ट्र’ सांगतं: केतू, जेजे किंवा अंगोला. केतू हे आजच्या बेनिनमधलं जुनं योरुबा राज्य, आपल्या राहू-केतूशी त्याचं नातं नाही. मी शिकलो ते केतू घरांत, तेव्हा पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

योरुबा मुलुखात ओरिशा, म्हणजे दैवत, गावाला आणि घराण्याला बांधलेलं असतं, आपल्या कुलदैवतासारखं. शांगो ओयोचा, ओशुम ओशोग्बोच्या नदीची, ओशोसी केतूचा. जहाजात ही घराणी विस्कटली. साल्वादोरला एका अंगणात ओयोची बाई, केतूची बाई आणि इजेशाचा माणूस एकत्र आले, तेव्हा त्यांनी या सगळ्या दैवतांना एका छपराखाली बसवलं आणि रात्रीच्या सोहळ्याला क्रम लावून दिला. त्या क्रमाला शिरे म्हणतात. निरोप नेणाऱ्या एशूला आधीच त्याचं देऊन झालेलं असतं. मग ओगुमपासून सुरुवात, प्रत्येकाची ठरलेली गाणी, ठरलेला ताल, आणि सर्वांत शेवटी पांढऱ्या वस्त्रातला म्हातारा ओशाला. आफ्रिकेत असा सोहळा मुळात नव्हता. तरी त्यातली बहुतेक गाणी आफ्रिकेतली. योरुबा शब्द आजच्या गाणाऱ्यांना बोलीभाषा म्हणून येत नाहीत. आपल्या घरात संस्कृत मंत्र जसे अर्थापेक्षा उच्चारानं जपले जातात, तसे ते जपले जातात, आणि उच्चार चुकला की म्हाताऱ्या बायका तिथल्या तिथे थांबवतात.

घराण्याच्या जागी घर आलं. पूजास्थानाला तेरेइरो म्हणतात आणि त्याच्या प्रमुख बाईला ‘मांई दे सांतू’. दीक्षा घेताना डोकं भादरतात, काही आठवडे बंद खोलीत राहावं लागतं, नवं नाव मिळतं. वय मोजतात ते दीक्षेपासून. साठीची बाई पंचविशीच्या मुलीपुढे वाकून आशीर्वाद मागते, कारण मुलीची दीक्षा जुनी. एकत्र दीक्षा घेतलेल्या मंडळींना मिळून म्हणतात ‘बार्कू’, म्हणजे होडी. त्या होडीतल्या पहिल्याला, दुसऱ्याला, तिसऱ्याला वेगवेगळी नावं आहेत आणि तो क्रम जन्मभर सुटत नाही. हा शब्द मला कळला त्या दिवशी मी रियाज केला नाही. ज्या प्रवासात आई-बाप, भाऊ-बहीण तुटले, त्याच प्रवासाच्या शब्दात या लोकांनी भावंडं मोजली.

हे बांधकाम मुख्यतः बायकांनी केलं. सर्वांत जुनं मानलं जाणारं घर म्हणजे कासा ब्रांका. त्याच्या पूर्ण नावात ‘इया नासो’ येतं, आणि ती ओयोच्या राजवाड्यात शांगोची पूजा सांभाळणाऱ्या स्त्रीची पदवी. शहरातल्या गुलाम बायका पाटीवर खाद्यपदार्थ विकत, मालकाचा हिस्सा देऊन उरलेले पैसे साठवत आणि स्वतःची सुटका विकत घेत. त्या पैशांतून जमिनी घेतल्या गेल्या. गांत्वा या घराची मांई मेनिनीन्या १९२२ मध्ये गादीवर बसली आणि १९८६ मध्ये वारेपर्यंत तिनं ते घर चालवलं.

आता संतांविषयी. नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: गोऱ्यांच्या भीतीनं आफ्रिकन लोकांनी आपल्या देवांना संतांचे मुखवटे चढवले. ओशाला म्हणजे बोन्फींचा येशू, यांसां म्हणजे संत बार्बरा, ओमोलू म्हणजे संत लाझारस. भीती खरी होती, पण एवढ्यानं सगळं उलगडत नाही. काळ्या लोकांची चर्चमधली बंधुमंडळं होती. सभासद मेला की त्याचं दफन नीट होईल हे ती बघत, आणि कुणाकुणाच्या सुटकेसाठी पैसेही जमवत. माणसं तिथे मनापासून होती. मी ज्या म्हातारीच्या घरी भाड्यानं राहत असे, ती सकाळी मिस्साला जायची आणि संध्याकाळी तेरेइरोत. विचारलं तर म्हणायची, तो संत आहे, हा ओरिशा आहे, दोघांना माझं घर माहीत आहे.

१९८३ मध्ये मोठ्या घरांच्या पाच प्रमुख बायकांनी जाहीर पत्रक काढलं: आमचा धर्म स्वतंत्र आहे, तो संतांच्या ओळखीनं ओळखू नका. त्यात मांई मेनिनीन्या होती. पुढाकार ओपो अफोंजा घराच्या मांई स्तेलाचा होता. काही घरांनी संतांच्या तसबिरी उतरवल्या, काहींनी ठेवल्या. मला पत्रकाचं म्हणणं पटतं. पण माझ्या म्हातारीला ‘तू भेसळ करतेस’ असं सांगायला माझी जीभ उचलली नसती.

ओमोलूचं उदाहरण जरा जवळून सांगतो, कारण मराठी माणसाला ते लगेच कळेल. ओमोलू हा त्या रोगाचा देव, ज्याला आपण सरळ ‘देवी’च म्हणतो. अंगभर व्रण, म्हणून तो डोक्यापासून खाली वाळक्या गवताच्या झालरीत झाकलेला नाचतो. तोच रोग देतो आणि तोच बरा करतो. त्याचा वार सोमवार, त्याचा नैवेद्य मक्याच्या लाह्या. तेल नाही, मीठ नाही, मातीच्या भांड्यात समुद्राच्या वाळूवर फोडलेल्या. फेदेरासांव भागात संत लाझारसचं छोटं चर्च आहे. सोमवारी सकाळी त्याच्या दारासमोर बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा एकीनं मला जवळ बोलावलं, ओंजळभर लाह्या घेतल्या आणि डोक्यावरून, खांद्यावरून, पाठीवरून हलक्या हातानं घासत खाली सोडल्या. वाळूचे दोन-चार कण कॉलरमध्ये अडकले. पायाशी पांढरा सडा पडला, कबुतरं आली. आतून घंटा वाजत होती. आता बघा: देव आफ्रिकेचा, दारात उभं राहायचं ते चर्च पोर्तुगीजांचं, आणि मका तर मुळात अमेरिकेचं धान्य. यातलं मूळ कुठलं आणि भेसळ कुठली, हे त्या बाईला विचारण्यात अर्थ नाही. लाह्या कशा फोडायच्या आणि हात कुठून कुठे फिरवायचा, यात तिची तसूभरही चूक होणार नाही.

टिकलं काय, याचा सर्वांत ठोस पुरावा मला ढोलात मिळाला. अताबाके तीन: मोठा हुम, मधला हुम्पी, धाकटा ले. सोबत लोखंडी घंटा, तिला गां म्हणतात. प्रमुख वादकाला आलाबे म्हणतात. केतू घरांत धाकटे दोन ढोल काड्यांनी वाजवतात आणि हुमला एका हातात काडी, दुसरा हात मोकळा. आपल्याकडे खेळ चालतो तो उंच सुराच्या तबल्यावर. इथे उलटं आहे. ले आणि हुम्पी एकच बोल धरून बसतात आणि बोलतो तो खर्जातला हुम. नाचणाऱ्या ओरिशाचं पाऊल पाहून तो बोलतो, आणि कधी कधी त्याचं बोलणं ऐकून पाऊल पडतं.

माझ्या गुरुजींनी पहिले आठ महिने मला ढोलाला हात लावू दिला नाही. हातात घंटा दिली. बारा मात्रांत सात ठोके, अंतरं अशी: २-२-१-२-२-२-१. एका हातानं टाळी देत मोजून पाहा. तबल्याचा माणूस समेवर यायला धडपडतो. मी सारखा पहिल्या ठोक्यावर वजन टाकायचो आणि अख्खी मैफल लंगडी व्हायची. गुरुजी म्हणायचे, घंटा ऐकू नकोस, त्या नाचणाऱ्या बाईंची टाच बघ. टाच दिसायला लागली तेव्हा कळलं, की वजन ठोक्यात नाही, ठोक्यांच्या मधे आहे. नेमका हाच सात ठोक्यांचा साचा घानातल्या एवे लोकांत वाजतो आणि क्युबात, योरुबा वंशजांच्या पूजेत वाजतो. या माणसांच्या मधे समुद्र आहे. लिहून ठेवलेलंही काही नव्हतं. तरी एका मात्रेचाही फरक नाही.

ढोल इथे वस्तू नाही. त्याला दीक्षा असते, नैवेद्य असतो, नाव असतं. सोहळा नसेल तेव्हा त्यावर कापड गुंडाळलेलं असतं. पहिल्या वर्षी एका दुपारी रिकाम्या दालनात मी झाकलेल्या हुमवर सहज दोन बोटं टकटकवली. स्वयंपाकघरातून घरची एक ज्येष्ठ बाई बाहेर आली. ओरडली नाही. माझा हात धरून मला ढोलासमोर गुडघ्यावर बसवलं, जमिनीला आणि मग कपाळाला बोटं लावायला लावली आणि म्हणाली, ‘झोपलेल्या माणसाला असं उठवतात का?’ तबल्याला पाय लागला तर नमस्कार करायची सवय मला लहानपणापासून. तरी तिथे मी तो नुसता ढोल समजून बसलो होतो. केतू घरांत अताबाके परंपरेनं पुरुषच वाजवतात. मुलींनी का वाजवू नये, यावर आता घराघरांत वाद चालू आहे आणि तो व्हायलाच हवा.

झाडांकडेही बघा. ‘पान नाही तर ओरिशा नाही’ अशी योरुबा म्हणच आहे. पण आफ्रिकेतली सगळी झाडं ब्राझीलला कुठून मिळणार? इरोको या पवित्र वृक्षाची जात तिथे नव्हती. मग वडा-पिंपळाच्या कुळातल्या गामेलेइरा या झाडाला इरोको मानलं गेलं. आज मोठ्या तेरेइरोंत त्याच्या बुंध्याला पांढरं वस्त्र बांधलेलं दिसतं. आणि फणस! माझं आजोळ राजापूरकडचं, परसात तीन फणस. साल्वादोरच्या एका तेरेइरोत मी फणसाला पांढरं कापड नेसवलेलं पाहिलं आणि थबकलो. कळलं ते असं, की त्यात आपाओका नावाची ओरिशा राहते आणि तिला ओशोसीची आई मानतात. फणस भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा. पोर्तुगीज भाषेतलं ‘जाका’ हे नावसुद्धा मल्याळममधल्या ‘चक्क’वरून गेलेलं. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं साल्वादोरच्या बंदरात थांबत. त्याच दर्यावर्दी साम्राज्याच्या वाटेनं आपला फणस बाईयाला पोचला आणि तिथल्या आफ्रिकन बायकांनी त्याला देवत्व दिलं. ज्या कवड्या टाकून मांई दे सांतू प्रश्नांची उत्तरं देते, त्यांचीही कथा अशीच आहे. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून चालत, आणि त्याच कवड्यांच्या बदल्यात माणसं विकली गेली.

आपल्या अंगणातलाही एक दुवा सांगतो. गुजरातेत भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. तिथले सिद्दी मलुंगा वाजवतात: धनुष्य, त्याला भोपळा, एक काडी आणि हातात खुळखुळा. साल्वादोरच्या रस्त्यावर कपोएराच्या खेळात वाजतो तो बेरिंबाऊ: धनुष्य, भोपळा, काडी, खुळखुळा. दोन्ही मी हातात धरली आहेत. आफ्रिकेतून एक वाट आपल्याकडे आली, एक तिकडे गेली.

‘टिकून राहिलेलं’ म्हटलं की आपल्याला पेटीत बंद करून ठेवलेलं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात माणसं ये-जा करत होती. सुटका झालेली कुटुंबं पैसे साठवून आफ्रिकेतल्या लागोसला परतत, काही पुन्हा बाईयाला येत. मार्तिनियानो दो बोन्फीं हा असाच लागोसमध्ये शिकून आलेला जाणता. ओपो अफोंजाची संस्थापिका मांई आनिन्या हिनं १९३० च्या दशकात त्याच्या मदतीनं शांगोचे बारा ‘ओबा’, म्हणजे मंत्री, नेमले. नावं ओयोच्या इतिहासातली, पण अशी रचना जशीच्या तशी ओयोत नव्हती. जाणून-बुजून केलेलं नवं काम, जुन्या मालमसाल्यातून. पुढे पिएर व्हेर्जे हा फ्रेंच छायाचित्रकार १९४६ मध्ये साल्वादोरला आला आणि दोन्ही किनाऱ्यांमध्ये निरोप्यासारखा हिंडला.

काळी जादू म्हणाल, तर हा शब्द पोलिसांचा. रिओत छाप्यांमध्ये जप्त केलेल्या मूर्ती, ढोल, दागिने पोलीस संग्रहालयात ‘काळ्या जादूचा संग्रह’ या नावानं पडून होते. ते २०२० मध्ये प्रजासत्ताक संग्रहालयात आले, तेही घरांनी अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर. बाईयात १९७६ पर्यंत पूजेसाठी पोलिसांत नोंद करावी लागे. १९८४ मध्ये कासा ब्रांका राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झालं, तेरेइरोंपैकी पहिलं. पण छळ संपलेला नाही. मांई जिल्दा या बाईचा फोटो एका चर्चच्या वर्तमानपत्रानं ‘भोंदू’ म्हणून छापला. त्या धक्क्यानंतर २१ जानेवारी २००० रोजी ती वारली. ही तारीख आता धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस आहे. एशूला सैतान ठरवणं हेही मिशनऱ्यांचं भाषांतर. तो चव्हाट्याचा, निरोप नेणारा देव आहे. त्याला आधी दिलं नाही तर पुढचं काही पोचत नाही, एवढंच.

ताई, तुम्ही जरूर जा. जानेवारीतल्या एका गुरुवारी बोन्फीं चर्चची धुलाई असते. पांढऱ्या घागऱ्यातल्या बायका घडे घेऊन सुमारे आठ किलोमीटर चालत येतात आणि चर्चच्या पायऱ्या सुगंधी पाण्यानं धुतात. फक्त पायऱ्या, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चर्चनं आतलं धुणं बंद केलं. त्या गर्दीत पांढरे फेटे आणि निळ्या-पांढऱ्या माळा घातलेले पुरुष दिसतील. तो ‘फिल्यूस दे गांधी’, गांधींची लेकरं, हा १९४९ मध्ये गोदी कामगारांनी काढलेला मेळा. बापूंच्या हत्येच्या पुढच्याच वर्षी. ते इजेशा ताल वाजवतात आणि निघण्याआधी एशूला नैवेद्य देतात. भारतातून आलोय म्हणालात तर एखादा आपली माळ काढून तुमच्या गळ्यात घालेल.

तेरेइरोत जाताना आधी कुणाकरवी विचारून घ्या. हॉटेलचा माणूस ‘शो’ म्हणून विकत असेल तर तिथे जाऊ नका, घरच्या पूजेला तिकीट नसतं. पांढरे किंवा फिके कपडे घाला, काळे नकोत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. फोन पिशवीत ठेवा. हाताची घडी घालून बसू नका. कुणाच्या अंगात आलं तर टक लावून पाहू नका आणि घाबरूही नका. मदतीला एकेदी म्हणवल्या जाणाऱ्या बायका असतात, त्या घाम पुसतात, तोल सांभाळतात. तीन-चार तास लागतील. गाणी कळणार नाहीत. आधी घंटा पकडा, २-२-१-२-२-२-१, मग नाचणाऱ्या बायकांच्या टाचा बघा.

रस्त्यावर आकाराजे खा. चवळी भिजवून, साल काढून वाटायची, कांदा-मीठ घालून लाकडी डावानं फुगेपर्यंत फेटायची आणि देंदे नावाच्या लाल पामतेलात तळायची. हे यांसांचं खाणं, आणि जुन्या वळणाच्या बायका पहिले काही छोटे वडे आधी देवासाठी बाजूला काढतात. आणि बुधवारी एखाद्या शांगोच्या घरात गेलात, तर बारीक चिरलेल्या भेंडीचा आमाला लाकडी परातीतून वाढतील. देंदेचा वास पहिल्यांदा जड वाटेल. गरम आहे तोवर खा. शांगोला थंड चालत नाही.